कानाचं ऑडिट

आम्ही कॉमर्सवाले. आम्हाला कविता कळत नाही, शास्त्रीय संगीतात कुठे मान हलवायची ते शेजाऱ्याकडे पाहून ठरवावं लागतं. पण एक गोष्ट आम्हाला पक्की ठाऊक असते. ती म्हणजे ‘ऑडिट’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकणं’ असा आहे. ऑडिटिंगच्या पुस्तकात हे अगदी पहिल्या पानावर असतं, आणि बहुतेक विद्यार्थी त्या पानाच्या पुढे जात नसल्यामुळे ते जन्मभर लक्षात राहतं. लॅटिनमध्ये ‘ऑडिरे’ म्हणजे ऐकणे. जुन्या काळी हिशेबनीस हिशेब मोठ्यानं वाचून दाखवी आणि तपासनीस तो कान देऊन ऐकत असे. तेवीस वर्षं बँकेत काढल्यानंतर मी छातीवर हात ठेवून सांगतो, की ही प्रथा आता पार बंद पडली आहे. हल्लीचा ऑडिटर काही म्हणता काही ऐकून घेत नाही.

पण ऑडिट ऐकण्यापासून निघालं असलं, तरी खुद्द कानाचं ऑडिट मात्र कोणी करत नाही. माणूस वर्षातून एकदा साखर तपासतो, गाडीचा धूर तपासतो, पासबुक भरून घेतो. कान मात्र जन्मल्यापासून विनातपासणी चालू असतात. डोळ्यांना चष्मा लागला तर माणूस विद्वान दिसतो. कानाला यंत्र लागलं की लोक त्याच्याशी एकदम लहान मुलासारखं बोलायला लागतात. आपल्या मराठीनंही कानाला कधी न्याय दिलेला नाही. कान उपटायचे, पिळायचे, फुंकायचे, भरायचे, टोचायचे! ‘कानाडोळा’ करण्यात डोळ्याचाही तेवढाच सहभाग असतो, पण नाव आधी कुणाचं? कानाचं!

त्यातून आमचा मुक्काम महालात. गांधी गेटातून आत शिरलं की बडकस चौकापर्यंत माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, मागच्या हॉर्नच्या धक्क्यानं पुढे जातो. कायद्यानं, म्हणजे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी, वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढाच आवाज करायला मुभा आहे. आमच्या गल्लीत दोघे सख्खे भाऊ प्रेमानं बोलायला लागले तरी हा नियम मोडतो. लग्नसराईत बँडवाले रात्री येतात आणि गल्ली अरुंद असल्यामुळे नवरदेवाची घोडी आमच्या ओट्यापाशी अर्धा तास अडकते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीच्या रस्त्यांवरून मारबत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. लोक तिला ओरडून ओरडून सांगतात, की इडापिडा घेऊन जा, रोगराई घेऊन जा, खोकला घेऊन जा, डास-ढेकूण घेऊन जा. बहिरेपण घेऊन जा असं मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. उलट त्या दिवशीच्या वाजंत्रीत ती थोडंफार इथेच ठेवून जात असावी.

अशा या महालात आमच्या वडिलांचा कान हा एके काळी नावाजलेला कान होता. बाबा तारमास्तर. १९६८ साली तारखात्यात लागले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. समोर यंत्र कट्ट-कडकट्ट करत राहायचं आणि बाबा त्यातून सरळ अक्षरं उचलून कागदावर ठेवायचे. भोवती चार यंत्रं एकदम कडकडत असली, तरी आपल्या यंत्राचा आवाज त्यांना वेगळा यायचा. कुणाकडे मुलगा झाला, कुणाचे वडील गेले, कुणाला नोकरी लागली, हे अर्ध्या नागपूरच्या आधी बाबांच्या कानाला कळायचं आणि घरी आल्यावर त्यातला एक शब्द ते बोलायचे नाहीत. २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली, त्या दिवशी बाबा जेवले नव्हते.

तर या कानानं गेली तीन-चार वर्षं संप पुकारला. म्हणजे पूर्ण संप नव्हे, नियमानुसार काम. आवाज यायचा, शब्द यायचा नाही. सौ. विचारायची, “बाबा, ताक देऊ का?” तर बाबा म्हणायचे, “नाकाला काही नाही झालं.” दारावर मेथीवाला सांगायचा, “साठ रुपये.” बाबा म्हणायचे, “आठ? मग दोन जुड्या दे.” साऱ्या देशाला महागाई ऐकू येत होती, एकट्या बाबांना येत नव्हती. आम्ही हसायचो, आणि आम्ही हसतो आहोत हे पाहून बाबाही हसायचे. पण अर्ध्या सेकंदानं उशिरा. मग त्यांनी हसणं कमी केलं. चिटणीस पार्कापाशी संध्याकाळी त्यांच्या जुन्या मित्रांची बैठक असते, तिथलं जाणं कमी केलं. विचारलं तर म्हणायचे, “काही दम नाही राहिला त्या लोकांत. पुटपुटून राहतात नुसते.”

दिवाळीत अमरावतीहून आत्या आली. चार दिवस तिनं बाबांचं निरीक्षण केलं आणि भाऊबिजेच्या ताटावर निकाल दिला. “दादाचं डोकं काम नाही करून राहिलं. विचारतो एक, सांगतो एक. मेंदूच्या डॉक्टरला दाखव. अन् त्याचं पेन्शनचं खातं तुझ्या सहीवर करून टाक. कुठे अंगठा देऊन बसला म्हणजे?”

आत्याचा हेतू वाईट नव्हता. पण मी काउंटरवर बसणारा माणूस. म्हातारे एक तारखेला काठी टेकत स्वतः येतात, सही जुळेपर्यंत आपल्याकडे पाहत राहतात, नोटा दोनदा मोजतात, तोवर ते घराचे कर्ते असतात. मग एक दिवस पासबुक मुलाच्या खिशातून निघतं. त्यानंतर म्हातारा काउंटरवर दिसतो तो फक्त नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्यापुरता. पासबुक एकदा हातातून गेलं की परत आलेलं मी तेवीस वर्षांत पाहिलेलं नाही. म्हणून मी म्हटलं, “आत्या, डोकं नंतर. आधी कान तपासू.”

बाबांना हे सांगणं सोपं नव्हतं. एकतर ते मोठ्यानं सांगावं लागलं, त्यामुळे सगळ्या वाड्याला कळलं. “माझा कान?” बाबा कडाडले, “तारखात्याचा कान आहे हा! तुझाच तपासून घे आधी!” आणि शेवटी तडजोड झाली, की दोघांनीही तपासायचा. आधी मुलाचा, मग बापाचा.

नागपुरात डॉक्टर पाहायचा म्हणजे धंतोली. तिथे कानाच्या डॉक्टरांनी आधी कानात दिवा मारून पाहिलं. मळ नव्हता, पडदा शाबूत होता. मग त्यांनी एक चिमटा काढला. दिसायला स्वयंपाकघरातला वाटला तरी तो नादकाटा होता, सेकंदाला ५१२ वेळा थरथरणारा. तो कोपरावर आपटून त्यांनी कानामागच्या हाडावर टेकवला, मग कानासमोर धरला. “मागे जोरात की पुढे?” ही रिनेची चाचणी, १८५५ सालची. मग कपाळाच्या मध्यावर टेकवला. “आवाज मधे येतो की एका बाजूला?” ही वेबरची, १८३४ ची. बँकेत १९९८ चं यंत्र जुनं म्हणून भंगारात काढतात. इथे पावणेदोनशे वर्षांचा काटा अजून बिनतक्रार काम करून राहिला आहे.

हाडावर काटा टेकवण्यात काय मतलब, हे मला डॉक्टरांनी समजावलं आणि मी ते लगेच बँकेच्या भाषेत करून घेतलं. बाहेरचा आवाज म्हणजे अर्ज. तो कानाच्या दारातून येतो, पडद्यावर आवक-नोंद होते. मग मधल्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन इवलीशी हाडं आहेत. ती म्हणजे कारकून, हेडक्लार्क आणि ऑफिसर. एकानं दुसऱ्याकडे, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे सरकवत अर्ज आतल्या कानात, म्हणजे साहेबांच्या केबिनमध्ये पोचतो. आता अर्ज मंजूर झाला नाही, तर दोष कुणाचा? तर एक अर्ज टेबलांना वगळून, कवटीच्या हाडातून थेट साहेबांकडे पाठवायचा. थेट गेलेला चटकन पोचला आणि रीतसर आलेला पोचला नाही, तर अडवणूक मधल्या टेबलांवर आहे. तिथे औषध, शस्त्रक्रिया, बरंच काही करता येतं. पण थेट पाठवलेलाही पोचला नाही, तर साहेबांनीच काम कमी केलं आहे असं समजावं.

पुढची तपासणी ऑडिऑलॉजिस्टकडे. ही मंडळी डॉक्टर नव्हेत, पण कान मोजण्याचं वेगळं शिक्षण घेतलेली असतात. म्हैसूरला १९६५ पासून त्यांची मोठी संस्था आहे, मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून. आमची ऑडिऑलॉजिस्ट एक चुणचुणीत मुलगी होती. खोली जुन्या एसटीडी बूथएवढी, भिंतींना गादी लावलेली. आत शिरून दार लावलं आणि मी दचकलो. काहीच ऐकू येईना! महालात जन्म काढलेल्या माणसाला शांतता म्हणजे काहीतरी बिघडल्यासारखी वाटते. मी माझी तपासणी उरकली आणि बाबा आत गेले.

कानांवर हेडफोन चढले, लाल उजव्या कानाला, निळा डाव्या कानाला. हातात बटण दिलं. तिनं सांगितलं, “काका, कितीही बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं.” बटण हाती येताच बाबांची पाठ ताठ झाली. मनगट सैल सोडून, बोट हलकं ठेवून, ऐंशीला टेकलेला माणूस क्षणात ड्यूटीवर हजर झाला. पहिला आवाज आला आणि बाबांनी असं काही कडकट्ट-कट्ट वाजवलं, की तिला मायक्रोफोनवरून सांगावं लागलं, “काका, एकदाच दाबायचं. उत्तर नाही पाठवायचं!”

सुरुवात एक हजारच्या स्वरापासून होते. ऐकू आला की दहा डेसिबल कमी करायचे, नाही आला की पाच वाढवायचे, असं खालीवर करत अगदी काठावरचा आवाज शोधायचा. मग दोन हजार, चार हजार, आठ हजार, असे चिरके स्वर. मग पाचशे, अडीचशे, असे घोगरे. मी काचेबाहेर उभा होतो. एक हजारपर्यंत बाबांचं बोट पटापट चाललं. दोन हजारला रेंगाळलं. चार हजारला ती आवाज वाढवत गेली, तिच्या यंत्रावर दिवा लागत गेला, आणि आत बाबा बटणावर बोट ठेवून, डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून वाट पाहत होते. तार येऊन राहिली होती, मास्तर जागेवर हजर होता, आणि तार काही टेबलापर्यंत पोचत नव्हती. मी काचेवरची नजर काढून भिंतीवरचं कानाचं चित्र फार बारकाईनं पाहू लागलो.

मग कानामागच्या हाडावर एक छोटा ठोकळा बसवून तोच कार्यक्रम. एका कानाची परीक्षा चालू असताना दुसऱ्यात मुद्दाम खरखर सोडतात, म्हणजे त्यानं शेजारच्याला कॉपी पुरवू नये. हा बंदोबस्त आमच्या विद्यापीठानं पाहण्यासारखा आहे.

निकाल तक्त्यावर येतो. उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. हा तक्ता कॉमर्सच्या माणसाला पहिल्यांदा फसवतो. शून्य सगळ्यांत वर, आणि आकडा जितका वाढेल तितका कान वाईट! म्हणजे शिल्लक जितकी कमी तितका खातेदार श्रीमंत. आणि शून्य म्हणजे शांतता नव्हे. तरुण निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज म्हणजे शून्य. एखादा कान त्याहून तिखट असला तर उणे दहासुद्धा मिळतात, चक्क ओव्हरड्राफ्ट! शिवाय डेसिबल हे सरळ व्याज नाही, चक्रवाढीचा बाप आहे. दहा वाढले की आवाजाची शक्ती दसपट, वीस वाढले की शंभरपट, साठ वाढले की दहा लाखपट. साधारण २५ च्या आत असला की कान ठीक. बाबांची रेघ घोगऱ्या स्वरांपाशी वीस-पंचविसावर आणि चिरक्या स्वरांपाशी घरंगळत सत्तराच्या खाली. हवेतून आणि हाडातून, दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून. म्हणजे मधली टेबलं निर्दोष. काम साहेबांनी कमी केलं आहे.

आतल्या कानात अडीच वेटोळ्यांचा, वाटाण्याएवढा एक शंख आहे. त्यात सुमारे पंधरा हजार केसाळ पेशी दाटीवाटीनं बसलेल्या असतात. दाराशी चिरके स्वर ऐकणाऱ्या, अगदी आत घोगरे ऐकणाऱ्या. वयानं आणि गोंगाटानं त्या मरतात, पहिल्यांदा दाराजवळच्या, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जागा भरायच्याच नाहीत! बँकेच्या माणसाला हे धोरण परिचयाचं आहे. आता आपल्या भाषेत अ, आ, ओ हे घोगरे. आणि स, श, ट, त, क ही चिरक्या स्वरांची मंडळी. ही गेली की ‘साठ’मधला ‘स’ गळतो आणि मेथी आठ रुपयांना मिळते. ओरडून बोललं तरी उपयोग नाही. ओरडताना ‘आ’ मोठा होतो, ‘स’ होता तिथेच राहतो.

मग ती मुलगी बाबांना पुरेशा मोठ्या आवाजात एकेक शब्द ऐकवू लागली आणि बाबा म्हणून दाखवू लागले. पंचवीसपैकी बावीस बरोबर! ती म्हणाली, “डोक्याची परीक्षा हे यंत्र घेत नाही. पण जे पोचून राहिलं, ते काका बरोबर उतरवून घेत आहेत.” मला हे वाक्य ताम्रपटावर कोरून अमरावतीला पाठवावंसं वाटलं. उलट, ऐकू येत नाही म्हणून माणूस एकटा पडतो आणि मग डोकं मंदावतं, अशी काळजी शास्त्रज्ञांनाच आहे. २०२० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं स्मृतिभ्रंशाच्या टाळण्याजोग्या कारणांत कमी ऐकू येण्याला फार वरचं स्थान दिलं.

एवढ्यात बाहेर एक बाई पंधरा दिवसांचं बाळ घेऊन आल्या. त्याला बटण कसं दाबता येणार? तर त्याच्या कानात एक बोंडू घातलं, किणकिण आवाज सोडला आणि कानातून उलट काय येतं ते मोजलं. आतला कान निरोगी असला की आवाज ऐकून स्वतःही बारीकसा आवाज करतो! हे १९७८ साली डेव्हिड केम्प या ब्रिटिश माणसानं दाखवलं. बाळ झोपेतच पास झालं. आमच्याकडे झोपेत पास होणारे पुष्कळ पाहिले, पण इतक्या प्रामाणिकपणे कोणी नाही.

शिवाय या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळ नळ्या आहेत आणि शरीराचा तोल त्या सांभाळतात. चक्कर येणाऱ्याच्या कानात गरम आणि गार पाणी सोडून त्याचे डोळे कसे फिरतात ते पाहायचं, ही तपासणी काढल्याबद्दल रॉबर्ट बारानी यांना १९१४ चं नोबेल मिळालं. म्हणजे ऑडिट आणि बॅलन्स, दोन्ही एकाच खोलीत! ज्यानं हे शरीर घडवलं, तो बी.कॉम. असला पाहिजे.

बाबा मात्र गप्प होते. गाडीत बसल्यावर मी त्यांना सांगितलं, म्हणजे शेजारच्या रिक्षालाही सांगितलं, की शंखात आवाजाची लाट कशी धावते हे शोधून ज्यानं १९६१ चं नोबेल मिळवलं, तो बेकेशी नावाचा हंगेरियन माणूस कोण होता माहीत आहे? बुडापेस्टला पोस्टखात्याच्या प्रयोगशाळेत टेलिफोनवर काम करायचा!

“कुठे?”

“पोस्टात!”

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. जरा वेळानं म्हणाले, “आपल्याच खात्याचा माणूस निघाला म्हणायचा.” आणि यंत्र लावायला तयार झाले. घरच्या माणसांनी सहा महिने सांगून जे झालं नाही, ते खात्याच्या माणसानं परस्पर केलं.

यंत्र लावलं म्हणजे चष्म्यासारखं लगेच सगळं स्वच्छ होत नाही. मेंदूला आवाजांची पुन्हा ओळख व्हायला काही आठवडे लागतात. पहिले आठ दिवस बाबा वैतागले. वर्तमानपत्राची घडी मोडली की “काय फाडून राहिले?”, नळ सोडला की “कोण ओरडून राहिलं?” फोडणीचा आवाज ऐकून तर ते पंचा बांधूनच स्वयंपाकघरात धावले. मग हळूहळू जमलं. मेथी पुन्हा साठ रुपये झाली. चिटणीस पार्कापाशी जाणं सुरू झालं. एक तारखेला बाबांनी काउंटरवर स्वतः सही केली, नोटा दोनदा मोजल्या आणि पासबुक आपल्या खिशात घातलं. आत्याला फोनवर म्हणाले, “सावकाश बोल. ओरडू नको, मी काही बहिरा नाही.”

राहिला माझा रिपोर्ट. माझे दोन्ही कान उत्तम निघाले, आणि एवढा वाईट निकाल मला बी.कॉम.लासुद्धा लागला नव्हता. संसारात नवऱ्याला जे थोडं संरक्षण असतं, ते “काय म्हणालीस? ऐकू नाही आलं” एवढ्या एका वाक्याचं. सौ.नं तो तक्ता फ्रिजवर लोहचुंबकानं लावला आहे आणि मी “काय?” म्हणालो की ती नुसतं तिकडे बोट दाखवते. बाबांच्या यंत्राला मात्र बंद करायचं बटण आहे. आमच्या घरी वाद सुरू झाला की त्यांचा हात शांतपणे कानामागे जातो.

परवा रात्री जेवणं झाल्यावर सगळे गप्प बसलो होतो. गल्लीत चमत्कारानं शांतता होती. बाबा एकाएकी मान वाकडी करून, तशीच, त्या बूथमध्ये केली होती तशी, काहीतरी ऐकू लागले. मी विचारलं, “काय झालं?” त्यांनी भिंतीवरच्या जुन्या घड्याळाकडे बोट केलं.

“किती वर्षांनी ऐकून राहिलो याला,” बाबा म्हणाले. मग थोडा वेळ ऐकून तारमास्तरांनी शेरा मारला, “पण हा गडी नवशिका आहे. मघापासून नुसतं एकच अक्षर पाठवून राहिला. ‘ई’, ‘ई’, ‘ई’. पुढचं कधी येते पाहू.”